सहा मोटारींचा उन्हाळा

यंदा कूलर काढायला उशीरच झाला. नंदनवनातल्या आमच्या गल्लीत खिडक्याखिडक्यांना कूलर लागून गेले, पाण्याचे पाइप गॅलऱ्यांतून लोंबू लागले, आणि मी मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहिले. शेवटी एका रविवारी टाकी घासली, वाळ्याच्या नव्या पट्ट्या बसवल्या आणि बटण दाबलं. आधी ओल्या वाळ्याचा वास आला. त्याच्या मागोमाग, अगदी अलगद, दुसरा एक वास आला. तापलेल्या तांब्याचा आणि जुन्या वार्निशचा. पंख्याची मोटार जळायच्या बेतात होती. कोणीही घाईनं बटण बंद केलं असतं. मी जरा वेळ तशीच उभी राहिले. असा वास नाकात घेऊन मी एक अख्खा उन्हाळा काढला होता, आणि तो उन्हाळा मला माझ्या लग्नापेक्षा जास्त आठवतो.

मी रेल्वेच्या विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये नोकरी करते. आता निवृत्ती जवळ आली आहे. तेव्हा मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून नुकतीच अप्रेंटिस म्हणून लागले होते. वय विशीचं. माझ्याबरोबर दुसरी एकच मुलगी होती, रंजना. बाकी सगळी शेड पुरुषांची. आमच्यासाठी वेगळी खोली नव्हती, म्हणून स्टोअरच्या मागे पत्रे ठोकून एक आडोसा करून दिला होता. त्या पत्र्यांना दुपारी हात लावला तर फोड यायचा.

आणि होती ती इंजिनं. डब्ल्यूएएम-फोर. आम्ही नुसतं 'फोर' म्हणायचो. नावाचा अर्थ पहिल्याच दिवशी सांगितला होता: डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, ए म्हणजे एसी वीज, एम म्हणजे मिश्र, मेलही ओढणार आणि मालगाडीही. चार म्हणजे त्या घराण्यातलं चौथं. या घराण्यातलं पहिलं इंजिन युरोपातून आलं होतं, स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी, आपल्याकडे नव्या पद्धतीच्या तारा टाकल्या तेव्हा. देखणं होतं म्हणतात. चार चाकजोड्यांचं, हलकं. पण ते थंड देशातल्या लोकांनी बांधलेलं, आणि इथली धूळ, इथला पाऊस, इथले चढ त्याला मानवेनात. जड गाडी लावली की चाकं जागच्या जागी घसरायची. मग आपल्या लोकांनी स्वतः कागदावर इंजिन मांडलं. चाकजोड्या सहा केल्या, प्रत्येकीला आपली मोटार. खालची बोगी नव्यानं काढत बसले नाहीत, डिझेल इंजिनाची होती तीच घेतली, म्हणजे सुटे भाग दोघांना मिळून चालतील. पुढं तोंड, मागं तोंड, म्हणून फिरवून घ्यायची गरज नाही. रूप असं काही नाही. एक लांब लोखंडी पेटी, दोन्हीकडे दोन-दोन खिडक्या. रंजना म्हणायची, "चेहरा पाह्य ना, जसा हेडमास्तर उन्हातून आला."

आम्हाला शिकवायला नत्थूजी होते. मिस्त्री. उंच, वाळकेसे, डोक्याला कायम ओला दुपट्टा. त्यांना मुली नको होत्या आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पहिला महिना त्यांनी आम्हाला कशाला हात लावू दिला नाही.

"हे इंजिन नाई पोरीहो," ते म्हणाले, "हे चालतं-फिरतं सबस्टेशन हाये. पहिले हात मागं बांधून पाहा. मंग पुढचं पुढं."

म्हणून आम्ही हात मागे बांधून पाहिलं. आत शिरलं की एका अंगाला चिंचोळी वाट, जेमतेम एक माणूस जाईल एवढी, आणि दुसऱ्या अंगाला जाळीआड सगळा संसार. मधोमध ट्रान्सफॉर्मर. छतावरचा पँटोग्राफ तारेला टेकला की पंचवीस हजार व्होल्ट खाली उतरणार, ट्रान्सफॉर्मर ते कमी करणार, मग सिलिकॉनचे रेक्टिफायर त्या एसी विजेची डीसी करणार, आणि ती खालच्या सहा मोटारींना मिळणार. ड्रायव्हर हँडल एकेक नॉच पुढे नेतो तेव्हा आत टॅप चेंजर एकेक पायरी चढतो, खट्, खट्, खट्, आणि गाडीला झटका न बसता जोर वाढत जातो. मला हा आवाज फार आवडायचा. रंजनाला आवडायचा तो आर्नोचा. आर्नो म्हणजे एक मोठं फिरतं यंत्र. तारेतून एक फेजची वीज येते, तिची तीन फेज करून ते पंख्यांना आणि पंपांना पुरवतं. इंजिन सुरू करताना आधी ते खोल आवाजात हुंकारायचं, मग तो हुंकार चढत चढत एका सुराला जाऊन थांबायचा. रंजना डोळे मिटून उभी राहायची.

"काहून झोपून राहिली वं?" एकदा नत्थूजी ओरडले.

"झोपून नाई राहिली. आयकून राहिली."

"काय आयकते?"

"आज आवाज जड हाये, नत्थूजी."

नत्थूजींनी स्वतः कान लावला. ती म्हणत होती ते खरं होतं. त्या दिवसानंतर आमचे हात सुटले.

रंजना खापरखेड्याची. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात, कोळशाच्या पट्ट्यावर. कॉलनीतलं घर, अंगणात कडुलिंब, आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची बारीक पूड. ती सांगायची, "बाबा कोळसा जाळते, त्याची लाइट होते, लाइटवर आमचं इंजिन चालते, इंजिन पुन्हा बाबासाठी कोळसा आणते. घरचाच कारभार हाये सगळा." ती बोलायची फार आणि भ्यायची नाही. मी बोलायचे नाही आणि भ्यायचे फार. मामाकडे राहत होते, घासभर अन्नही विचारून घेत होते. डबा उघडल्यावर ती माझ्या पोळीवर आपल्या घरची कैरीची चटणी वाढायची आणि म्हणायची, "खा ना वं, का पत्रिका पाठवू?"

मग मे महिना सरत आला आणि नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. ज्याने नागपूरचा नवतपा पाहिला नाही त्याला काय सांगावं. सकाळी आठला रस्ते चकाकू लागतात. दुपारी शहर बंद असल्यासारखं दिसतं. शेडमध्ये रूळ तापलेले, पाने तापलेले, बादलीतलं पाणी तापलेलं. इंजिनांचेही हाल तेच. मोटारी चाकांना चिकटून, जमिनीपासून वीतभर वर. त्यांना गार ठेवायला वरून ब्लोअर हवा ढकलतात, पण ती हवाच भट्टीतली. सोबत धूळ, आणि मोटारीला वीज पोचवणाऱ्या ब्रशांच्या कार्बनची काळी भुकटी. तारांवरचं वेष्टण कुठेतरी दमतं, ठिणगी उडते आणि मोटार बसते. त्या उन्हाळ्यात मोटारी एकामागून एक आमच्या सेक्शनला येत होत्या. उघडायची, हवेच्या झोतानं धूळ उडवायची, भट्टीत वाळवायची, जिथं वेष्टण गेलं तिथं नवीन टेप गुंडाळायची, वार्निश लावायचं, मग मेगर लावून बघायचं, वीज बाहेर गळते का. टेप गुंडाळायचं काम नत्थूजींनी आमच्यावर सोडलं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर आला पाहिजे. कुठे सैल नको, कुठे सुरकुती नको. माझं काम बरं व्हायचं. रंजनाचं बघत राहावं असं व्हायचं.

आमची परीक्षा त्याच दिवसांत होती. वर्षभराची अप्रेंटिसशिप तिच्यावर तोलली जाणार होती. पास झालो तर पुढे भरतीत नाव. आणि परीक्षेच्या तोंडावर रंजना एका सकाळी डबा न उघडता बसून राहिली.

"माहं लग्न ठरलं," ती म्हणाली. "पारशिवनीचं स्थळ हाये. शेतीवाले. लग्न परीक्षेच्या चार दिवस आधी."

"मग परीक्षा?"

"बाबा म्हणते, आता कायची परीक्षा."

पहिल्यांदा मी तिला गप्प पाहिलं. मी जाऊन हे नत्थूजींना सांगितलं, एवढंच माझ्याकडून झालं. त्यांनी दुपट्टा पुन्हा ओला केला, पिळला, डोक्याला बांधला आणि म्हणाले, "चाल."

आम्ही दोघं बसनं खापरखेड्याला गेलो. मी गेले ते एखादी मुलगी बरोबर असावी म्हणून. रंजनाच्या आईनं पन्हं दिलं. वडील बाजेवर बसून होते, चांगला माणूस, थकलेला.

"नत्थूजी, पोरगी शिकली तेवढी बस झालं," ते म्हणाले. "आता तारीख निघाली. मी सोयऱ्याले काय सांगू?"

"काहीच नका सांगू. लग्न करा ना झोकात. मी का लग्न मोडाले आलो? एक दिवस तिले परीक्षेले पाठवा, एवढंच म्हणतो."

"ते आता माह्या हातात नाई राहिलं. तिकडच्या लोकायच्या हातात हाये."

"मंग तिकडचा पत्ता सांगा."

सुट्टीच्या दिवशी नत्थूजी एकटेच पारशिवनीला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं, मोटारीत डोकं घालून, आमच्याकडे न बघता. सासरा तोंड फिरवून बसला. बोलला तो नवरदेव, सुरेश. लाजरा पोरगा. म्हणाला, ती तिथं करते काय? नत्थूजी म्हणाले, मोटारी सुधारते. तो म्हणाला, आमच्या विहिरीवरची मोटार दरसाल उन्हाळ्यात जळते, ते सुधारन काय? नत्थूजी म्हणाले, परीक्षा झाली का सुधारन.

"मंग?" रंजनानं विचारलं.

"मंग काय. त्यानं बापाकडे पाहिलं, बापानं विहिरीकडे पाहिलं. येऊन राहिली तू परीक्षेले."

परीक्षेच्या दिवशी ती आली ती नवरी होऊनच. सुरेशनंच तिला आणलं होतं, तो फाटकाबाहेर झाडाखाली उभा राहिला. हळदीचा रंग अजून उतरला नव्हता आणि दोन्ही हातांत मनगटापासून वर गच्च हिरवा चुडा. परीक्षा घ्यायला बाहेरून एक साहेब आले होते. त्यांनी हात बघितले आणि मान हलवली.

"बांगड्या काढाव्या लागतील. काच फुटून मोटारीत गेली तर? अशा हातांनी मी काम करू देणार नाही."

त्यांचं चुकीचं नव्हतं. आणि लग्नाला चार दिवस झालेली मुलगी चुडा उतरवणार नाही, हेही तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. नत्थूजींनी पुढे पाऊल टाकलं, पण त्यांच्याआधी रंजना बोलली.

"काच बाहेर नाई आली म्हणजे झालं ना, साहेब?"

तिनं टेबलावरचं टेपचं बंडल उचललं आणि डाव्या हाताच्या बांगड्यांवर टेप गुंडाळू लागली. मनगटापासून सुरुवात, प्रत्येक वेढा आधीच्याच्या अर्ध्यावर, सैल नाही, सुरकुती नाही. हिरवा रंग हळूहळू पांढऱ्याखाली गेला. डावा हात झाला. उजवा तिला स्वतःला करता येईना, तेव्हा तिनं तो माझ्यापुढे केला. मी आयुष्यात एवढ्या काळजीनं काही गुंडाळलं नाही. माझीही परीक्षा त्याच दिवशी होती, पण मला वाटतं ती तिथेच झाली.

मग तिनं दोन्ही हात साहेबांसमोर जोरात हलवले. आवाज नाही. नव्या नवरीचे हात, आणि त्यांतून एक किणकिण नाही. साहेबांनी टेपचं टोक ओढून पाहिलं, सुटलं नाही.

"हे कोणी शिकवलं?"

"नत्थूजीनं."

नत्थूजी भिंतीकडे तोंड करून मेगर पुसत होते. मेगर स्वच्छच होता.

ती पहिली आली. मी तिसरी.

पुढच्या उन्हाळ्यात दोघींना नोकरीचं बोलावणं आलं. रंजना तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. मी धावत पारशिवनीला गेले. कोणी अडवलं म्हणावं तर तसंही नव्हतं. सासू म्हणाली, तिचं ती पाहीन. रंजनाच म्हणाली, "मी नाई येत, कुंदा. इथून रोज जाणं-येणं, लेकरू कोण पाहीन? तू जाय." मला राग आला. तिच्यावर, सुरेशवर, त्या विहिरीवर. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी एकटीच त्या पत्र्याच्या आडोशात कपडे बदलले आणि तिथे बसून रडले.

त्यानंतर भेटी होत राहिल्या, लग्नांत, मुलांच्या वाढदिवसांना. पण माझ्या मनात तिच्याविषयी एक हळहळ कायम राहिली, आणि ती हळहळ घेऊन समोर बसणं मला जड जायचं. तिनं गावात मोटार वाइंडिंगचं दुकान टाकल्याचं ऐकलं होतं. बघायला मात्र कधी गेले नाही.

इकडे 'फोर' म्हाताऱ्या होत गेल्या. त्यांच्याच सांगाड्यावरून पुढची इंजिनं निघाली, काही फक्त मालगाड्यांसाठी, काही फक्त मेल-एक्स्प्रेससाठी. एकानं दोन्ही कामं करायची, हा जमाना सरला. मग आली नवी इंजिनं, तीन फेजच्या मोटारींची. त्यांना ब्रश नाही, कार्बनची भुकटी नाही, आम्ही शिकलो त्यातलं निम्मं त्यांना लागतच नाही. आर्नोही गेला, त्याचं काम आता इलेक्ट्रॉनिक पेट्या करतात. पोरं लॅपटॉप जोडून दोष वाचतात. नत्थूजी निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी गेले. शेवटची एक 'फोर' मागच्या लाइनवर बरेच दिवस उभी होती, खिडक्यांच्या काचा काढलेली, चाकांशी गवत. मग एक दिवस तीही भंगारात गेली. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. मुद्दाम घेतली होती.

कूलरचं बटण बंद केलं आणि हे सगळं आठवत बसले. मग त्याच आठवड्यात पारशिवनीची बस धरली.

रंजनाचं दुकान बाजाराच्या टोकाला आहे. दारात जळालेल्या पंपांची ओळ. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरतं, मोटारी तापतात, आजूबाजूच्या गावांतून तिच्याकडे येतात. ती खाली बसली होती, चष्मा नाकावर, मांडीजवळ तांब्याच्या तारेची वेटोळी. बांबूच्या पट्टीनं एकेक वेढा खाचेत दाबत होती. तिची सून वार्निश ढवळत होती. एक शेतकरी बाकावर वाट बघत बसला होता.

"बस वं," ती वर न बघताच म्हणाली. "येवढी खाच भरू दे. पालक वाळून राहिली भाऊची."

मी बसले. बोलता बोलता मी नव्या इंजिनांचं सांगितलं. ब्रश नाहीत, तीन फेजच्या मोटारी, आम्हा जुन्या लोकांना नव्यानं शिकावं लागलं, अजूनही हात बिचकतो.

तिचा हात थांबला. "तीन फेजची? इंडक्शन?"

"हो."

"म्हणजे हीच ना?" तिनं मांडीवरच्या पंपावर थाप मारली. "मोठी असन, डोकेवाली असन. पण जात तर हेच?"

खरंच होतं. विहिरीवरची ती मोटार आणि आमच्या सगळ्यात नव्या इंजिनाच्या चाकाशी बसलेली मोटार, दोघींचं मूळ एकच. रंजना गेली तीस वर्षं तेच काम करत होती.

"मी तर समजत होती," ती हसत म्हणाली, "का तुम्ही लोक कुठल्या कुठं गेले असान पुढं. तुम्ही तर आत्ता माह्या दुकानात येऊन राहिले!"

शेतकरीही हसला. सून हसली. मग मीही हसले, आणि इतकी वर्षं जी हळहळ मी सांभाळली होती ती नेमकी कोणासाठी होती ते मला सांगता येईना. तिला तिची कधी गरज नव्हती.

मोटार बांधून झाली. तिनं ती चालू करून दाखवली, मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकली, आणि शेतकऱ्याला म्हणाली, "जाय घेऊन." तो सायकलला बांधून घेऊन गेला. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. रस्त्यावर ऊन नुसतं थरथरत होतं.

"तू रिटायर कधी होऊन राहिली?" तिनं विचारलं.

"आलंच आता. मग काय करावं, काही सुचत नाही."

"सुचाले काय लागते. इथं ये ना." तिनं एक खुर्ची ओढली आणि पदरानं तिच्यावरची धूळ झटकली. "पण आधीच सांगून ठेवतो, पहिलं वर्ष अप्रेंटिस राहावं लागन. पहिला महिना हात मागं बांधून."